एकशे सदतीस वालुयो आणि आमचे हे

आमच्या गल्लीत उभं राहून "वालुयो!" अशी हाक मारा. तीन दारं उघडतील आणि एक सायकल थांबेल. आजारातून उठलेल्या पोराचं नाव वालुयो ठेवायचं, म्हणजे बरा झालेला, ही आमच्याकडची रीत. आणि लहानपणी आजारी न पडलेलं पोर मी तरी अजून पाहिलेलं नाही. मग ओळखायचं कसं? धंद्यावरून. वालुयो पंक्चर, वालुयो बकरी, वालुयो मास्तर. आमचे हे वालुयो तेम्पे, सोयाबीनच्या वड्या करणारे.

हे गेले त्या सकाळी मशिदीच्या भोंग्यावरून मोदिननी, म्हणजे मशिदीचं काम बघणाऱ्यांनी, "वालुयो वारले" एवढं सांगितलं आणि नेमका त्यांना खोकला लागला. तो थांबेपर्यंत अर्धं गाव वालुयो पंक्चरच्या अंगणात. तो बिचारा तोंडात ब्रश घेऊन काय गोंधळ आहे ते बघायला बाहेर आला, तर त्याला बघून त्याची सख्खी मावशीच चक्कर येऊन पडली. "अगं, मी नाही! मी जिवंत आहे!" तो ओरडतोय आणि तोंडातून फेस येतोय. हे असते तर लोळून लोळून हसले असते. आणि मग म्हणाले असते, "वार्सिती, हे लिहून ठेवायला हवं." सगळंच लिहून ठेवायला हवं असायचं त्यांना.

लोक यांच्याबद्दल चांगलं बोलतात. शांत माणूस, सज्जन माणूस, सासुरवाडीला जीव लावणारा जावई. खरं आहे सगळं. पण मी यांचं एक वाटोळं केलं, ते गावात कोणाला ठाऊक नाही. सगळ्यांना वाटतं ते चुकून झालं. मीच तसं सांगितलं आहे. आता सांगतेय ते नीट ऐका, आणि मध्ये बोलू नका, मला मध्ये बोललेलं खपत नाही.

यांचं जन्माचं नाव वालुयो नव्हतं. सासऱ्यांना कोण हौस! सोयाबीन तुडवणाऱ्याच्या घरी पोर जन्मलं आणि नाव काय ठेवलं, तर सूर्योनेगोरो. राजवाड्यातल्या माणसाला शोभावं असं. पोर तीन वर्षांचं झालं तरी उभं राहीना. ताप यायचा, जायचा, पुन्हा यायचा. शेवटी यांची आजी चिडली. "डोंबल तुमचं! एवढ्याशा बरगड्यांवर एवढं नाव? मान मोडेल पोराची. नाव जड झालंय त्याला, उतरवा." मग तांबडी आणि पांढरी खीर केली, सात घरी वाटली, आणि नाव उतरवून साधं वालुयो ठेवलं. चौथ्या दिवशी पोर उठून कोंबडीमागे धावलं म्हणतात. सासूबाई ही गोष्ट मला इतक्यांदा सांगायच्या की ती कोंबडी मला तोंडपाठ झाली होती.

यांचा मात्र त्या नावावर जीव जडला तो जडलाच. आपण जगलो ते या नावामुळे, असं त्यांना मनापासून वाटायचं. आणि त्यातूनच पुढचं सगळं निघालं.

आमचा धंदा तेम्पेचा. सोयाबीन भिजवायचं, शिजवायचं, पायांनी तुडवून सालं काढायची, त्याला विरजण लावायचं, मूठमूठ केळीच्या पानात बांधायचं, पानावर कागद, कागदावर बांबूची साल. दोन दिवसांनी आत पांढरी घट्ट वडी तयार. कागद लागतो तो रद्दीचा. शाळेतले जुने पेपर, कचेरीतले कागद, वर्तमानपत्रं, काय वाट्टेल ते. बांधायच्या आधी हे प्रत्येक कागद वाचायचे. हो, प्रत्येक! मी दहा पुडकी बांधायची तेव्हा यांचं एक व्हायचं. "अहो, वडी खायचीय लोकांना, बातमी नाही," मी म्हणायची. ऐकतंय कोण?

लग्नानंतर दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी त्या रद्दीत यांना पहिला वालुयो सापडला. कुठल्यातरी मोठ्या कोर्टातला न्यायाधीश, चष्मेवाला, जाड मानेचा. हे कागद घेऊन अंगणभर नाचले. "वार्सिती, बघ! आपल्यातला आहे!" जसा काही चुलत भाऊच. तो कागद बांधणीला दिला नाही. कापला, जुन्या परीक्षेच्या पेपरच्या कोऱ्या बाजूवर भाताच्या शितानं चिकटवला, खाली सुबक अक्षरात गाव आणि तारीख लिहिली. मग नादच लागला. परदेशातून चषक आणणारा बॅडमिंटनवाला वालुयो. डोंगरात नेच्याची नवी जात शोधणारा वालुयो. झुलता पूल बांधणारा इंजिनिअर, छायाबाहुल्यांचा खेळ नऊ तास न थांबता करणारा दलांग, आंधळ्यांसाठी शाळा काढणारा एक म्हातारा. सगळे वालुयो. आणि तीन तुरुंग फोडून पळालेला एक चोर, तोही वालुयो.

"चोराला कशाला चिकटवताय त्या न्यायाधीशाशेजारी?" मी म्हटलं.

"अगं, तीन तुरुंग फोडलेत! एक फोडून दाखव तू. आणि बघ, हे सगळे कधीतरी तापानं फणफणलेली पोरं असणार. कोणाच्या तरी आजीनं नाव उतरवलं असणार. साधंच नाव, पण काय काय पेलतं बघ."

"आणि तुम्ही काय पेलताय?"

"मी? मी यांचे कागद पेलतो." असं म्हणून हसायचे. मला त्यांचं ते हसणं तेव्हा बावळट वाटायचं.

जिल्ह्याच्या गावातले पोरांचे डॉक्टर, डॉक्टर वालुयो, यांच्याकडे हे एकदा नंबर लावून गेले. आत गेल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "पोर कुठंय?" तर हे म्हणाले, "पोर नाही आणलं. तुमचा फोटो हवाय. मीही वालुयोच." दुसऱ्या कोणी हाकलून दिलं असतं, पण डॉक्टर भला माणूस. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यातूनच वालुयो बंधुमंडळ निघालं. वर्षातून एक रविवार सगळे वालुयो जमायचे. पिवळ्या भाताचा डोंगर करायचा, तुम्पेंग. त्याचं टोक कापून सगळ्यांत मानाच्या माणसाच्या हातात द्यायचं. एका वर्षी न्यायाधीशाला, एका वर्षी बॅडमिंटनवाल्याला. हे काय करायचे? दाराशी बसून चपला सांभाळायचे, नाहीतर मागे तेम्पे तळायचे. मंडळ कोणाच्या डोक्यातून निघालं, हे चार-पाच वर्षांत सगळे विसरले. मला त्याचा राग यायचा. यांना येत नव्हता, म्हणून मला दुप्पट यायचा.

अकराव्या वर्षी डॉक्टर स्वतः आमच्या घरी आले. ओसरीत बसले, कॉफी प्यायले आणि मानानं 'पाक' लावून म्हणाले, "पाक वालुयो, या वर्षी मोठा हॉल घेतलाय. भिंतींवर तुमचे सगळे कागद लावायचे. आणि तुम्ही मंचावर बसायचं. एकेका वालुयोबद्दल तुम्ही बोलायचं."

"मी? मला कुठं बोलता येतं, डॉक्टर?"

"येतं. आणि तुम्पेंगचं टोक या वर्षी तुम्हाला. ठरलंय."

डॉक्टर गेल्यावर हे मागे जाऊन भिजवणाच्या पिंपाशी उभे राहिले. मी गेले तर डोळे पुसत होते. "टोक मला, वार्सिती," एवढंच म्हणाले. खोटं कशाला बोलू, माझाही ऊर भरून आला.

"कधी आहे?" मी विचारलं.

"पुढच्या रविवारी."

मी बोटांवर मोजलं. एकदा, दोनदा. मग खाली बसले. "त्या दिवशी आईचा हजारावा आहे."

माझी आई. माणूस गेलं की तिसरा दिवस, सातवा, चाळिसावा, शंभरावा, आणि सगळ्यांत शेवटी हजारावा. तो पुढेमागे होत नाही. त्यानंतर गेलेल्या माणसासाठी करायचं असं काही उरत नाही. आणि माझ्या आईनं यांच्यासाठी काय केलं होतं! लग्नाच्या पहिल्या वर्षी आमचं तेम्पे सलग तीन महिने काळं पडत होतं, कोणी फुकट घेईना. तेव्हा आई डोक्यावर भाताची टोपली घेऊन रोज दोन गावं तुडवत यायची. रोज. आणि जावयाला कमीपणा वाटू नये म्हणून म्हणायची, "जास्तीचा झाला होता."

"प्रार्थना सूर्यास्तानंतर आहे ना?" हे म्हणाले. "मी तोवर येतोच की."

"आणि मांडव कोण घालणार? दारात उभं राहून लोकांचे हात कोण हातात घेणार? एकच जावई आहे त्या घराला!"

"अगं, समजून घे. आई थांबतील. हजार दिवस थांबल्याच ना? मंडळाची माणसं नाही थांबायची."

थट्टेनं म्हणाले असतील. यांना धड थट्टा करताच यायची नाही. पण माझ्या डोक्यात तिडीक गेली. "जा!" मी म्हटलं. "जा तुमच्या वालुयोंकडे! तेच येतील तुमच्या मयताला खांदा द्यायला. मला नका बोलावू." आणि चार दिवस मी बोलणं टाकलं. कॉफी आदळायची, ताट आदळायचं. यांनी समजूत काढायला हवी होती, ते कागदांनाच इस्त्री करत बसले. खरंच सांगते, कोळशाच्या इस्त्रीनं!

गुरुवारी सकाळी हे हॉलवर बांबूच्या चौकटी उभ्या करायला जिल्ह्याच्या गावी गेले. दोन दिवस डॉक्टरांकडे राहायचं, शनिवारी सकाळी परत येऊन कागद न्यायचे, असं ठरलेलं. जाताना कागदांचा गठ्ठा बांधणीच्या फळीवर ठेवला, वर पाटा. आमच्या घरात सपाट जागा तेवढी एकच. एकशे सदतीस कागद. आणि सगळ्यांत वर एक मुखपृष्ठ केलं होतं, अंगठ्याएवढ्या जाड लाल अक्षरांत: वालुयो.

शनिवारी पोनचा, म्हणजे दर पाचव्या दिवशी भरणारा, मोठा बाजार होता. त्यासाठी गुरुवारीच बांधायला हवं. मी दाणे निववले, विरजण लावलं, पानं पुसली, फळीशी बसले. रद्दीची थप्पी माझ्या डाव्या हाताला होती. पाट्याखालचा गठ्ठा उजव्या हाताला.

मी उजवीकडचा घेतला.

आता गाव म्हणतं, बिचारीला कळलं नाही, कागदासारखे कागद. मी तिसरी शिकलेली बाई आहे, पण वालुयो एवढं नाव मला डोळे मिटून वाचता येतं. लाल अक्षरं पहिल्याच पुडक्यावर गेली. पान, मूठ, घडी, कागद, साल. मग न्यायाधीश. "या, साहेब," मी मोठ्यानं म्हटलं, "माझ्या आईपेक्षा मोठे झालात ना, या." मग बॅडमिंटनवाला. बरं वाटत होतं मला, फार बरं वाटत होतं. चाळीसेक झाल्यावर आंधळ्यांच्या शाळेचा म्हातारा आला, त्याचा चेहरा जरा माझ्या बापासारखा होता. तिथे हात अडखळला. थांबता आलं असतं. पण चाळीस तर झालेच, असं मनाशी म्हटलं आणि त्यालाही बांधलं. शेवटचा चोर. तोसुद्धा माझ्या हातून सुटला नाही.

बरं, तेम्पे काही लगेच बाजारात जात नाही. दोन दिवस ती पुडकी फडक्याखाली होती. सोडवता आली असती. शुक्रवारी मी हात लावून पाहिलं, तर गरम झाली होती. आत वडी धरत होती, नेहमीसारखीच. कागद दमट झाले होते, पण फाटले नव्हते. मी फडकं परत नीट केलं आणि भात चढवला. कशाची वाट बघत होते कोणास ठाऊक. यांनी लवकर यावं, ओरडावं, भांडावं, आणि मग मी रडून सगळी पुडकी सोडवावी, असं काहीतरी मनात होतं. हे आले नाहीत. शनिवारी उजाडता उजाडता मी टोपल्या उचलल्या आणि बाजाराला गेले.

हे साडेआठला माझ्यापुढे येऊन उभे राहिले. सायकल तशीच रस्त्यात टाकलेली. टोपलीत सात-आठ पुडकी उरली होती.

"फळीवरचा गठ्ठा कुठंय?"

"कुठला गठ्ठा?" मी म्हटलं. तोंड वर करून म्हटलं. "कागद होते ते बांधणीला घेतले. का? काय झालं?"

यांनी माझ्याकडे पाहिलं. मग उकिडवे बसले, एक पुडकं उचललं, साल सोडली, वडी पानासकट अलगद बाजूला ठेवली आणि कागद गुडघ्यावर सपाट केला. नेचेवाला होता. त्याच्या कपाळावर पानाचा हिरवा डाग पडला होता.

"अगं बाई!" मी म्हटलं. "चुकून झालं हो! सारखेच तर दिसतात सगळे!"

शेजारी मिरच्या विकणारी यू गिनेम, यू म्हणजे ताई. तिनं कपाळावर हात मारला आणि बाकावर चढून अख्ख्या बाजाराला ओरडून सांगितलं, "ए बायांनो! वार्सितीकडनं तेम्पे घेतलेल्यांनी कागद फेकू नका! वालुयो परत करा!"

"कोणता वालुयो?" मासेवाली ओरडली. "मला जरा तरणा दे!"

"माझा घरीच आहे, तोच घेऊन जा कोणीतरी!" ही वालुयो बकरीची बायको. सगळा बाजार खिदळला. पण यांचा चेहरा पाहिल्यावर हसू थांबलं आणि बायका खरंच धावल्या. कोणी पिशवी उपसली, कोणी घरी पोरीला पिटाळलं. बरेच चुलीत गेले होते. दुपारपर्यंत एकतीस परत आले. तेलकट, हळदीचे, एकावर मुंग्या. लाल अक्षरांचा कागदही आला, रश्श्याच्या गाडीवरून, अर्धा भिजलेला. हे रस्त्याच्या कडेला बसून एकेक वाळत घालत होते, वर खडे ठेवत होते. मी जवळ जाऊन पुन्हा म्हटलं, "चुकून झालं हो."

लाल कागद त्यांच्या हातात होता. तो त्यांनी सगळ्यांत खाली ठेवला. "हं," म्हणाले. "चल. ऊन वाढलंय, उरलेल्या वड्या वास मारतील."

रविवारी भल्या पहाटे नवा शर्ट घालून हे सायकलवरून गेले. मला वाटलं, गेले मंचावर. कागद नसले म्हणून काय झालं, एकशे सदतीसही यांना पाठ होते! बसतील, बोलतील, टोक घेतील. मी आईच्या घरी अंगण झाडत होते आणि मनातल्या मनात म्हणत होते, बोला हो, चांगलं बोला. नऊ वाजता सायकलची घंटा वाजली. हे परत आले होते. नवा शर्ट काढून, घडी करून त्यांनी माझ्या हातात दिला आणि बनियनवर मांडवाच्या बांबूवर चढले. दिवसभर पाणी ओढलं. दारात उभं राहून प्रत्येकाचा हात हातात घेतला. प्रार्थनेला पहिल्या ओळीत बसले. माझी मावशी म्हणाली, "वार्सिती, नशीब काढलंस गं. मुलगा असता तरी एवढं केलं नसतं." मी हो म्हटलं आणि भाताच्या पातेल्यामागे जाऊन तोंडात पदर कोंबला. मला हवं होतं ते सगळं मिळालं होतं. तुम्पेंगचं टोक कोण्या मोबाइलच्या दुकानवाल्या वालुयोला दिलं, असं नंतर कानावर आलं.

त्यानंतर सहा वर्षं हे जगले. मंडळात गेले नाहीत. भांडले नाहीत, टोमणा मारला नाही. फक्त कागद वाचायचं सोडलं. छापील बाजू आत करून बांधायचे, पटापट, माझ्याहूनही भराभर. मला ते बघवेना. मग मीच रद्दी चाळू लागले. अक्षर अक्षर लावत, ओठ हलवत. आठ महिन्यांनी एक वालुयो सापडला, जहाजावरचा कप्तान. मी तो कागद यांच्या कॉफीच्या पेल्याशेजारी ठेवला आणि जीव मुठीत धरून बसले. यांनी पाहिला. हातात घेऊन बोटांनी चाचपला. "जाड आहे," म्हणाले, "चांगला टिकेल," आणि त्यात मूठभर दाणे बांधले. किती वेळा ओठांवर आलं की सांगून टाकावं. अहो, मी मुद्दाम केलं. मला दिसलं होतं. पण तोंड उघडलं की बाहेर यायचं तेच, "तेव्हा ते चुकून झालं हो." आणि हे म्हणायचे, "हो गं. किती वेळा सांगशील?"

शेवटचं आजारपण अकरा दिवसांचं. छातीत कफ. मी पायाशी बसून होते, आमची मुलगी सुराबाया शहरातून आली होती. तेव्हाही नाही सांगितलं. माणूस बरा झाला की सांगू, असं म्हणत राहिले.

मयताला मंडळातले नव्वद-शंभर वालुयो आले. मोटारींतून, बसमधून, काठी टेकत. बॅडमिंटनवाला आता टकला झालाय, त्यानं खांदा दिला. न्यायाधीश नव्हते, त्यांचा मुलगा होता. एका वालुयोच्या खांद्यावरून दुसऱ्या वालुयोच्या खांद्यावर असे हे कबरस्तानापर्यंत गेले. मी रागाच्या भरात बोलले होते ते असं खरं झालं.

सातव्या दिवशी डॉक्टर वालुयो पुन्हा त्याच ओसरीत बसले. म्हातारे झालेत. बराच वेळ पेला हातात फिरवत होते. मग मानानं हाक मारत म्हणाले, "बू, एक विचारायचंय. त्या वर्षी रविवारी पहाटे पाक वालुयो माझ्याकडे आले. म्हणाले, 'डॉक्टर, कागद मीच बांधले तेम्पेत. माझीच चूक.' मी फार चिडलो हो. म्हटलं, उभ्या जन्माचं काम, वर लाल अक्षरांत नाव, आणि तुम्हाला दिसलं नाही? मंचावर तरी बसा, म्हटलं. तर नको म्हणाले."

"मग?"

"म्हणाले, 'नाव जड झालं होतं, डॉक्टर. मला नाही, घराला. घरातलं माणूस त्याखाली वाकलं होतं, मला दिसलंच नाही. उतरवलं ते बरं झालं. आज मला सासूबाईंकडे जायचंय.' आणि निघाले." डॉक्टरांनी पेला खाली ठेवला. "सहा वर्षं विचार करतोय. मला अजून कळलेलं नाही, ते काय म्हणत होते. तुम्हाला कळतंय का?"

"नाही," मी म्हटलं. पुन्हा खोटं बोलले.

म्हणजे यांना ठाऊक होतं. बाजारात लाल कागद हातात आला तेव्हापासूनच. सहा वर्षं मी "चुकून, चुकून" करत राहिले आणि हे "हो गं" म्हणत राहिले. मी बाई एवढ्या तोंडाची, सगळ्या बाजाराला गप्प करणारी, आणि मला एक खरं वाक्य बोलता आलं नाही. यांनी माफ केलं असेलही. पण मी माफी मागितली कुठे?

आता बांधणीला मी एकटीच असते. वेळ लागतो, कारण मी प्रत्येक कागद वाचते. आतापर्यंत एकोणीस सापडलेत. शितानंच चिकटवते, पण तारीख लिहिताना अक्षर तिरकं जातं. काल विसावा सापडला. खाऱ्या पाण्यात तगणारं भाताचं वाण काढलंय म्हणे त्यानं, समुद्राकडच्या कुठल्याशा गावात. रोप हातात धरून उभा आहे, पाय चिखलात, आणि अगदी यांच्यासारखा बावळट हसतोय. मी कागद घेतला, उठले, आणि भिजवणाच्या पिंपाकडे तोंड करून मोठ्यानं म्हटलं, "अहो, ऐकलंत का? आपल्यातला आहे."